महिला सदस्याची सही

केवळाबाई नवऱ्याला घेऊन आली तेव्हा आमची समिती भजी खात होती.

दुपारचे बारा वाजले असतील. पंचायत समितीच्या सभागृहात लांब टेबलावर हिरवं कापड अंथरलेलं, त्यावर सात बशा आणि अर्जांचा गठ्ठा. अध्यक्ष दिगंबरराव मोरगे यांच्या बोटांना तेल लागलं होतं, म्हणून त्यांनी हनुवटीनंच शिपायाला खूण केली, की पुढचा अर्जदार सोड. दारातून केवळाबाई आत आली. चाळिशीची, सुकलेली बाई, पदर घट्ट खोचलेला. तिच्या मागे हातभर अंतर राखून एक उंच माणूस आला. त्याच्या पायांवर, कानांच्या पाळ्यांवर, भुवयांतसुद्धा विटांची लाल धूळ होती.

"ह्ये माझे मालक," ती म्हणाली. "लिंबाजी. आणा म्हणला होतात, आणलं."

दिगंबररावांना काही आठवेना. शेजारी बसलेले नायब तहसीलदार कुरुंदे यांनी त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. तेव्हा अध्यक्ष हसले. त्यांच्यामागून टेबल हसलं.

ही सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. निराधार स्त्रियांना दरमहा अनुदान देण्याची एक योजना होती आणि कोणाला द्यायचं ते तालुक्याची समिती ठरवायची. सात सदस्यांत एक बाई असलीच पाहिजे, आणि तिच्या सहीशिवाय मंजूर यादी जिल्ह्याला जाणार नाही, असं परिपत्रकात लिहिलं होतं. मुंबईत कोणीतरी भला माणूस हे वाक्य घालून समाधानानं घरी गेला असेल. आमच्या तालुक्यात त्या वाक्याचा अर्थ एवढाच झाला, की एक बाई शोधा. दिगंबररावांनी आमच्या घरी फोन केला. फोन मी उचलला. ते म्हणाले, डॉक्टरांना द्या. डॉक्टर म्हणजे माझे यजमान. दोन मिनिटांत बोलणं आटोपून त्यांनी मला सांगितलं, की तुला समितीवर घेतलंय, महिन्यातून एकदा जायचं, जरा बरी साडी नेसून जा.

मी बी. ए. झालेली होते. दोन वर्षं मी बरी साडी नेसून गेले आणि शेवटच्या पानावर, 'महिला सदस्य' असं छापलेल्या जागी, सौ. शैलजा देगावकर अशी वळणदार सही करून आले. वरच्या पानांवर काय आहे ते वाचायची पद्धत नव्हती. आठ मार्चला दिगंबरराव स्त्रीनं स्वतःच्या पायावर उभं राहण्याविषयी दीड तास बोलायचे. त्यांच्या पत्नी तो दीड तास मंडपामागे उभं राहून दोनशे माणसांच्या पुऱ्या तळून घ्यायच्या. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचे.

केवळाबाईचा अर्ज आदल्या महिन्यात आला होता. नवऱ्यानं नऊ वर्षांपूर्वी टाकलं, एक मुलगी, रोजानं निंदणी-खुरपणी करते, असं त्यात होतं. टाकल्याचा दाखला मात्र नव्हता. दाखला गावच्या पोलीस पाटलानं द्यायचा, आणि पोलीस पाटील लिंबाजीचा चुलतभाऊ. तो म्हणाला होता, आमच्या घराण्यात बायका टाकत नाहीत. त्यावर दिगंबरराव म्हणाले होते, की मग नवऱ्यालाच घेऊन ये, त्यानं आमच्यासमोर सांगितलं की विषय मिटला. ते गमतीनं म्हणाले होते. सगळे हसले होते, मीही पदर ओठांवर धरून हसले होते. केवळाबाई तेवढी हसली नव्हती. तिनं मान हलवली होती आणि गेली होती.

आता लिंबाजीला विचारल्यावर एकेक कळलं. तो शेजारच्या जिल्ह्यात एका वीटभट्टीवर होता. केवळाबाई दोन एसट्या बदलून तिथं पोचली. भट्टीचा मुकादम सुट्टी देईना, त्याच्या मते दोन दिवसांच्या विटा बुडत होत्या. तेव्हा हिनं पदर खोचला आणि दोन दिवस लिंबाजीच्या बरोबरीनं विटा वाहून त्याचं दोन दिवसांचं काम आगाऊ उरकून दिलं. रात्री त्याच्याच खोपीत, त्याच्या दुसऱ्या बायकोशेजारी झोपली. दुसरीला दिवस गेलेले होते. तिनंच लिंबाजीला सांगितलं म्हणे, की जा आणि बोलून ये, एवढी आली आहे ती.

हे सगळं तो खाली बघत सांगत होता. आवाजात लाज होती की भीती, मला कळलं नाही. कुरुंदे साहेबांनी विचारलं, हिला तू टाकलंस का. त्यानं मान हलवली. किती वर्षं झाली. नऊ. काही देतोस का हिला. नाही.

इथे विषय मिटायला हवा होता. पण भजी संपली होती आणि पुढचा चहा यायचा होता, त्यामुळे समितीला वेळ होता.

"हिनं बोलावलं आणि तू आलास?" दिगंबररावांनी विचारलं.

"आलो."

"म्हणजे येणं-जाणं आहे."

लिंबाजी गोंधळला. तो म्हणाला, नऊ वर्षांत आज पहिल्यांदा. दिगंबररावांनी ते ऐकलं नाही, किंवा ऐकून बाजूला ठेवलं. ते आमच्याकडे वळून म्हणाले, की नवरा जिवंत आहे, धडधाकट आहे, बायकोच्या शब्दावर दोन एसट्या बदलून येतो, असा नवरा माझ्या बहिणीला मिळाला असता तर मी पेढे वाटले असते. मग कुरुंदे साहेबांना कायदा आठवला. पहिली हयात असताना दुसरी केली हे लेखी दिलंस तर तुझ्यावर खटला होईल, हे माहीत आहे ना, असं त्यांनी लिंबाजीला विचारलं. शिक्क्याच्या शाईची पेटी पुढे होतीच. लिंबाजीनं अंगठा पुढे केला होता तो मागे घेतला आणि सदऱ्याला पुसला. शाई लागली नव्हती तरी पुसला.

"पती हयात, अर्जदाराच्या संपर्कात. अपात्र," दिगंबररावांनी कारकुनाला सांगितलं.

केवळाबाई इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती दोन पावलं पुढे आली.

"मग मला ह्यांच्यासंगं लावून द्या," ती म्हणाली. "तसा कागद करा. आज संध्याकाळी जाते."

कुरुंदे म्हणाले, ते आमचं काम नाही, त्यासाठी कोर्ट आहे.

"नवरा हाय म्हणायला तुमी," ती म्हणाली, "आन् नवरा द्यायला कोर्ट."

शिपायानं दार उघडलं. ती पुढे आणि लिंबाजी मागे, आले तसे गेले.

शेवटी नोंदवही माझ्याकडे आली. दिगंबरराव पलीकडच्याशी ऊसतोडीचं बोलत होते. बोलता बोलताच त्यांनी पेनाचं टोपण काढलं, माझ्याकडे न बघता पेन माझ्या बोटांत दिलं आणि रिकामी जागा बोटानं दाखवली. आपण लहान मुलाच्या हातात चमचा देतो तसं. मला त्या क्षणी केवळाबाईचा कळवळा आला होता असं मी म्हणणार नाही. मला त्या बोटाचा राग आला. मी पानं मागे उलटली आणि पहिल्यापासून वाचायला लागले.

एक्केचाळीस नावं मंजूर होती. नवव्या क्रमांकावर दिगंबररावांची चुलती होती. तिच्या दारात ट्रॅक्टर मी पाहिलेला होता. सोळाव्या क्रमांकावर सदस्य सोपानराव यांच्या पत्नीचं नाव होतं आणि पुढे 'परित्यक्ता' असं लिहिलं होतं. तिला टाकणारा नवरा माझ्या उजव्या हाताला बसून तळलेल्या मिरचीचं देठ काढत होता.

"सोपानराव," मी विचारलं, "तुम्ही बायकोला कधी टाकलंत?"

समितीत मी पूर्ण वाक्य बोलले ते हे पहिलं. सोपानरावांच्या हातातली मिरची तशीच राहिली. दिगंबरराव ऊस सोडून माझ्याकडे वळले. वहिनी, हे कागदोपत्री असतं, असं त्यांनी मला समजावलं, अगदी गोड आवाजात. मी टोपण लावलं आणि पेन त्यांच्यासमोर ठेवलं.

"मी सही करणार नाही."

"डॉक्टरांना विचारू का?" ते म्हणाले. ते खरंच विचारत होते. त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

त्यांनी विचारलंच. मी घरी पोचायच्या आधी फोन झाला होता. डॉक्टर कधी आवाज चढवत नसत, त्या दिवशीही चढवला नाही. जेवण झाल्यावर हात पुसत त्यांनी विचारलं, की तुझा यात संबंध काय. मी सोपानरावांची गोष्ट सांगितली. ते हसले, म्हणाले, सगळीकडे असंच असतं. मग सांगितलं, की दवाखान्याच्या वरच्या मजल्याची परवानगी नगरपालिकेत अडकली आहे आणि ती दिगंबररावांच्या एका शब्दावर सुटणार आहे.

"पण सही माझी आहे," मी म्हणाले.

"सही तुझी असेल," ते म्हणाले. "नाव माझं आहे."

वाक्य बरोबरच होतं. सौ. देगावकर. ते झोपायला गेले.

पुढचे बारा दिवस मी फार मजेत होते, हे आज लाज वाटत असली तरी सांगते. तहसिलातून दोनदा शिपाई नोंदवही घेऊन आला, दोन्ही वेळा मी परत पाठवली. दिगंबररावांच्या पत्नी हळदी-कुंकवाचं निमित्त काढून येऊन गेल्या. मैत्रिणींत बोलबाला झाला. आयुष्यात पहिल्यांदा कोणाचं तरी माझ्यावाचून अडलं होतं. मी आरशासमोर उभी राहून कुरुंदे साहेबांना द्यायची उत्तरं म्हणून बघायचे.

तेराव्या दिवशी सकाळी केवळाबाई मागच्या दारी आली. बरोबर गोदाबाई नावाची एक म्हातारी होती, एका डोळ्यात फूल पडलेली, काठी टेकत आलेली. मला वाटलं, केवळाबाई आभार मानायला आली. मी चहा ठेवायला लागले.

"बाई, सही करा," ती म्हणाली.

मी तिला समजावलं, की मी तिच्यासाठीच तर अडून बसले आहे. तिचा अर्ज मंजूर होईपर्यंत मी हलणार नाही.

"माझ्यासाठी बसा म्हणून म्या सांगितलं व्हतं का?" तिनं विचारलं. आवाज शांत होता. गोदाबाईकडे बोट करून ती म्हणाली, "हिचं नाव यादीत हाय. हिला ना लेक ना सून. वाण्यानं आठ दिसांपासून उधार बंद केलंय. तुमी न वाचता सही करायचा तवा मी बाहीर राहिले. आता वाचून सही करंना झालात, तर ही बी बाहीर. भांडण तुमचं आन् त्या मोरग्याचं. आमची पोटं मधी घालू नका."

चहा उतू गेला. मी शेगडी बंद केली, ओटा पुसला, परत पुसला. मला म्हणायचं होतं की मी तत्त्वासाठी करते आहे, पण तो शब्द त्या स्वयंपाकघरात, गोदाबाईसमोर, तोंडातून निघेना.

मग केवळाबाईनंच विचारलं, की जी खरी आहेत त्यांच्या नावापुढं करा आणि खोट्यांच्या पुढं करू नका, असं जमत नाही का. मी म्हणाले, सगळ्या यादीखाली मिळून एकच सही असते.

"एकच कामून? पेन तुमचाच हाय ना?"

दोन वर्षांत हे माझ्या बी. ए. झालेल्या डोक्यात आलं नव्हतं. मी शिपायाला निरोप पाठवून नोंदवही मागवली. तो धावत घेऊन आला, त्याला वाटलं मी वितळले. आम्ही तिघी स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो आणि मी एकेक नाव मोठ्यानं वाचलं. केवळाबाई निम्म्या तालुक्यात कापूस वेचायला, मिरच्या तोडायला गेलेली होती. गोदाबाई त्याआधी तीस वर्षं गावोगाव बाळंतपणं करत फिरलेली. ही खरी, मुलगा मेला हिचा. ही खरी. हिच्या घरी दोन म्हशी आणि जावई मास्तर. ही सरपंचाची भावजय. एवढी वर्षं समिती चहा पिऊन जे ठरवू शकली नव्हती ते या दोघींनी तासाभरात ठरवलं. सत्तावीस खऱ्या निघाल्या, चौदा खोट्या. सत्तावीस नावांपुढे मी सही केली. चौदा नावांपुढे एकेक ओळ लिहिली, दोन म्हशी, ट्रॅक्टर, नवरा समितीचा सदस्य, असं जे होतं ते.

दुपारी कुरुंदे साहेब स्वतः घरी आले. आजवर ते मला मॅडम म्हणून दुसरीकडे बघायचे, त्या दिवशी समोर बघत होते. त्यांनी सांगितलं, की हे शेरे असलेली नोंदवही जिल्ह्याला गेली तर चौकशी लागेल, आणि चौकशी लागली की सगळी यादी थांबेल, खरी काय आणि खोटी काय. वर्ष जाईल, दीड वर्ष जाईल. आपल्याला सारं पुन्हा स्वच्छ लिहून काढता येईल, खाली एक सही, नेहमीसारखी. आणि त्या बाईचं प्रकरण विशेष बाब म्हणून आजच्या तारखेत घेता येईल.

"आणि त्या चौदा?" मी विचारलं.

"मॅडम, तालुक्याला उद्दिष्ट चाळीसच्या वर आहे," ते म्हणाले. "नावं कमी पडली तर पुढच्या वर्षी उद्दिष्ट कापतात. नुकसान गरीब बायकांचंच होईल."

तो माणूस खोटं बोलत नव्हता. खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. बिस्किट चहात बुडवून त्यानं ते अलगद तोंडात टाकलं आणि माझ्या उत्तराची वाट बघत बसला. घाई नव्हती त्याला. गोदाबाईला होती.

मी कबूल झाले. एवढीच अट घातली, की केवळाबाईचा मंजुरीचा कागद आधी माझ्या हातात पडेल, मग सही. त्यांनी पिशवीतून नवा अर्ज काढून दिला. घरूनच आणला होता. म्हणजे मी कबूल होणार हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केवळाबाई आली आणि आम्ही अर्ज भरायला बसलो. दाखल्याची अडचण कुरुंदेंनी सोडवून दिली होती. 'पतीचा ठावठिकाणा माहीत नाही' असं लिहा म्हणाले. ज्या माणसाला त्यांनी समोर उभं करून प्रश्न विचारले त्याचा ठावठिकाणा आता शासनाला माहीत नव्हता. मी ते लिहिलं आणि पुढचे रकाने वाचायला लागले. स्वतःच्या नावे घर आहे का. नाही. स्वतःच्या नावे शेतजमीन. नाही. सोनंनाणं. नाही. दरमहा ठरलेली मिळकत. नाही. बँकेत किंवा पोस्टात खातं. नाही.

केवळाबाई माझ्या पेनाकडे बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण एकच शब्द पुन्हा पुन्हा उमटतोय हे तिला दिसत असावं.

"तुमचं काय लिवाल, बाई?" तिनं विचारलं.

"माझं काय?"

"ह्ये घर तुमच्या नावानं असंल."

मी म्हणाले, घर डॉक्टरांच्या नावावर आहे. जमीन सासऱ्यांची. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये, किल्ली डॉक्टरांकडे. खातं काढायची कधी गरज पडली नाही. ती ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर खोचकपणा नव्हता, नुसतं कुतूहल होतं.

"मग तुमाला हाय काय?"

"डॉक्टर आहेत ना," मी म्हणाले.

"मलाबी लिंबाजी व्हता की," ती म्हणाली.

मी पुढचा रकाना वाचला. त्यात जात विचारली होती.

तिसऱ्या दिवशी मंजुरीचा कागद आला आणि मी स्वच्छ लिहिलेल्या यादीखाली सही केली. त्या सालात आमच्या तालुक्याचं उद्दिष्ट शंभर टक्के पूर्ण झालं. आठ मार्चला दिगंबररावांचा जिल्ह्याच्या ठिकाणी शाल देऊन सत्कार झाला. सोपानरावांच्या परित्यक्ता पत्नी सोपानरावांच्या शेजारी बसून तो बघत होत्या. मलाही व्यासपीठावर बोलावून साडी आणि नारळ दिला. मी घेतला. पुढे समिती नव्यानं नेमली तेव्हा महिला सदस्य म्हणून दिगंबररावांच्या भावजयीचं नाव लागलं, आणि डॉक्टरांच्या वरच्या मजल्याला परवानगी मिळाली.

त्याच जूनमध्ये मी नोकरी धरली. एका संस्थेच्या खेड्यापाड्यांतल्या बालवाड्या तपासायच्या, पगार हसण्यासारखा, फिरणं उन्हातान्हात. डॉक्टर म्हणाले, लोकांना वाटेल मी तुला खायला घालत नाही. आठ दिवस ते बोलले नाहीत. मला वाटत होतं आकाश कोसळेल. नवव्या दिवशी त्यांनी भाजीत मीठ कमी असल्याचं सांगितलं आणि सगळं पूर्ववत झालं. पहिल्या पगाराला मी पोस्टात खातं काढलं. पोस्टमास्तरांनी विचारलं, नाव काय घालू, तेव्हा मी 'सौ.' नको म्हणाले, तर ते म्हणाले रकाना आहे, भरावा लागतो.

केवळाबाईचं अनुदान पुढे कधी तुटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. त्यावर श्रीमंत कोणी झालं नसतं. पण ठरल्या तारखेला काहीतरी येणार आहे, एवढ्या भरवशावर वाणी तिला उभं करायला लागला. मुलीला तिनं दहावीपर्यंत शाळेत ठेवलं. पावसाळ्यात काम नसलं तरी कोणाच्या दारात जाऊन बसावं लागत नसे. मी तिच्या गावच्या बालवाडीवर गेले की तिच्याकडे थांबत असे. ती मला अजूनही बाईच म्हणायची, पण आता चहा ती करायची.

सहा वर्षांनी एकदा गेले, तर तिच्या घरासमोर बाजेवर लिंबाजी पडलेला होता. भट्टीवर विटांची थप्पी अंगावर आली, कंबर गेली. दुसरी बायको माहेरी निघून गेली आणि तिच्या भावांनी याला एसटीत बसवून दिलं, उतरल्यावर पुढचं पुढं. गावात पोलीस पाटलानं घरात घेतलं नाही. केवळाबाईनं घेतलं, म्हणजे आत नाही, ओसरीच्या कडेला बाज टाकून दिली. दोन वेळा भाकरी त्याच्या हाताशी ठेवायची, अंग पुसून द्यायची, आणि त्याच्याशी एक शब्द बोलायची नाही. मी विचारलं, का ठेवलंस. ती म्हणाली, कुत्रं असतं तरी हाकललं नसतं, आणि विषय संपवला.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात नवा तलाठी आला. नुकताच लागलेला, पंचविशीतला मुलगा, स्वच्छ शर्ट. अनुदान घेणाऱ्या बायकांची वार्षिक तपासणी करत तो घरोघर फिरत होता. नाव विचारलं, वय विचारलं, मुलगी काय करते विचारलं. मग त्याची नजर बाजेवर गेली.

"हे कोण?"

दीर म्हण, भाऊ म्हण, असं मी मनात म्हणत होते. तालुक्याच्या समितीला सहा वर्षांपूर्वी ज्याचा ठावठिकाणा माहीत नव्हता तो माणूस तिथे पडल्या पडल्या भाकरी कुस्करत होता.

"मालक माझे," केवळाबाई म्हणाली.

तलाठ्यानं पेन थांबवलं. कागदावर बोट ठेवून त्यानं जसाच्या तसा प्रश्न वाचला.

"मग नवरा नांदवतो का तुम्हाला?"

"न्हाई," ती म्हणाली. "मी नांदवते त्याला."

लिंबाजीनं मान खाली घातली. तलाठ्यानं कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग कागद उलटा केला, पाठीमागे काही रकाने आहेत का ते बघायला. पाठीमागची बाजू कोरी होती.